चिठ्ठीशिवाय पानदान नाही

आमच्या घरात झाकण असलेली एकही वस्तू नव्हती. मीठ फुटक्या मडक्याच्या बुडात, तिखट वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात, आणि कधी दही जमलंच तर गाडग्यावर पळसाचं पान आणि पानावर दगड. तो दगड कसा सरकवायचा हे मांजराला आमच्याआधी कळलेलं असायचं. मायजवळ दोन लुगडी. एक अंगावर, एक दोरीवर. पावसाळ्यात दोरीवरचं वाळायचं नाही, म्हणून अंगावरचंही ओलंच. आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या बाजूला, पैनगंगेच्या अंगाला आमचं गाव. बाबा दुसऱ्याचं वावर बटईनं करायचे, माय लोकांचा कापूस वेचायला जायची, आणि संध्याकाळी कण्या आणि अंबाडीची भाजी हा बेत ठरलेला. सणाच्या दिवशी अंबाडी जरा बारीक चिरत, एवढाच सण.

मला शाळेत घातलं ते शिकवायला नाही. माय वेचणीला गेली की मला बघायला कोणी नव्हतं, आणि मास्तर फुकट बघायचे. पण मला शाळेची चटक लागली. बाबांचं म्हणणं, चौथी झाली की पुरे. माझं म्हणणं, जगात जेवढी शाळा असेल तेवढी सगळी पाहिजे. माझं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं. मी ते तरीही रोज सांगायची आणि रोज टपली खायची.

मग पोलिस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, आणि आमच्या घरात झाकणं आली.

झालं असं की तालुक्याच्या ठिकाणचे जुने अंमलदार घरदार मोडून निघाले. कोणाची बदली, कोणाला भीती, कोणी हैदराबादला नातेवाइकांकडे. जाताना त्यांनी जे गाडीत बसेना ते विकलं, आणि ते आठवडी बाजारात गोणपाटावर येऊन पडलं. माणसं पिढ्यांचा संसार उचलून चालली होती. आम्ही त्या गोणपाटापुढे उकिडवे बसून म्हणत होतो, स्वस्त आहे बाप्पा! ही गोष्ट लिहायला बरी वाटत नाही, पण झाली ती अशीच.

बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, नवरा वारल्यापासून आमच्याकडेच राहायची. तिनं आयुष्यात स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं. त्या हंगामात तिला काय झालं कोण जाणे. दर बाजाराला ती पदरात ज्वारी बांधून जायची आणि डबी घेऊन यायची. एकदा अत्तरदान आणलं, आत मखमल लावलेले कप्पे. एकदा सुरमेदानी. एकदा खासदान, म्हणजे विडे झाकायचं घुमटासारखं झाकण आणि खाली तबक. एकदा निर्मळची लाकडी पेटी, वर सोनेरी रंगाचे पक्षी. आणि शेवटी ते पानदान. बिदरी कामाचं, काळं कुळकुळीत, त्यावर चांदीची वेल. आत कात, चुना, सुपारी ठेवायला आठ वाट्या. पाच कोसांत तसं दुसरं नव्हतं.

मायला ते काळं पाहवेना. "चांदीवर काजळी चढून राह्यली, कोनी घासलं नाई वाटते," असं म्हणून तिनं राख आणि चिंच घेतली आणि झाकण घासायला बसली. तो काळा रंगच त्या कामाचा जीव असतो हे आम्हाला काय माहीत! अर्धं झाकण करडं झालं तेव्हा तिचे हात भरून आले आणि उरलेलं अर्धं वाचलं. तेव्हापासून ते पानदान कोड फुटल्यासारखं दिसायचं, आणि त्या खुणेवरूनच पुढं सगळ्या मुलखात ओळखलं जायचं.

आता एवढ्या डब्यांत ठेवायचं काय, हा प्रश्न होता. पण रिकामा डबा ठेवण्याइतके आम्ही श्रीमंत नव्हतो. अत्तरदानात मीठ-तिखट गेलं, आणि वर्षभर आमचं वरण हिन्याच्या वासाचं झालं. खासदानाच्या घुमटाखाली दही गेलं. मांजरानं पहिल्यांदाच हार खाल्ली. सुरमेदानीत आत्याची मिश्री. गावचा पोलिस पाटील एकदा आला, ती कोनाड्यातली सुरमेदानी पाहिली आणि म्हणाला, "तहसीलदार घालत व्हता तसा आपनबी घालू," आणि सळईनं दोन्ही डोळ्यांत ओढली. तंबाखूची मिश्री होती ती. त्यानंतर आठ दिवस गावात पोलिस पाटलाचा धाक नव्हता.

आज माझ्या ओळखीच्या शिकल्यासवरल्या घरांतही असे डबे दिसतात. काचेच्या कपाटात, वरून बारीक दिवा सोडलेला. मी विचारते, आत काय ठेवता? "काही नाही हो, शोसाठी आहे." एका बाईंनी मात्र असल्याच पानदानात टीव्हीचा रिमोट ठेवलेला पाहिला तेव्हा मला जरा बरं वाटलं. या बाई आमच्या गावात खपल्या असत्या.

तर पानदान. ते स्वयंपाकघरात गेलं नाही, कारण गावानं त्याला आधीच काम लावलं. आमच्याकडे मुलीला बघायला पाव्हणे आले की पानसुपारी द्यावी लागते, आणि ती कशातून दिली यावर घराची पत ठरते. पितळी ताटलीतून दिली तर पोरगी ताटलीच्या घरची. शेजारच्यानं पोरीच्या पाहण्यासाठी पानदान मागितलं, सोयरीक जमली. दुसऱ्यानं मागितलं, त्याचीही जमली. पोरी काही वाईट नव्हत्या, पण श्रेय पानदानाला मिळालं. बघता बघता गावातल्या प्रत्येक पाहण्यात ते करडं-काळं पानदान मध्यभागी बसू लागलं. पाव्हण्यांनाही कळायचं, की हे मागच्या साली दुसऱ्याच घरात पाहिलं होतं. तेही गप्प बसायचे, कारण त्यांच्या घरची ताटली तेवढीच.

एका गृहस्थानं पानदान परत केलं त्यात वाट्या सात. आत्या म्हणाली, आठ दिल्या. तो म्हणाला, सातच होत्या. भांडण पेटलं, आणि आठवी वाटी शेवटी त्याच्याच घरच्या फळीवर निघाली. पुढच्या वेळी आत्या म्हणाली, लिहून द्या. पुढच्यानं पटवाऱ्याकडून उर्दूत चिठ्ठी लिहून आणली. तिच्यात काय लिहिलंय ते पटवारी सोडून कोणालाच कळेना, आणि पटवारी गेला बदलीवर. आत्यानं ती चिठ्ठी चुलीत घातली आणि ओट्यावर उभं राहून नियम केला:

"ज्या पोट्टीले पाव्हणे पाहाले येतीन, तिनं सोता, माया डोळ्यांपुढं बसून चिठ्ठी लिवावं. बापाची चालनार नाई, भावाची चालनार नाई. आन आमची पोट्टी ते वाचून दाखवन. नाई तर ताटली आहेच तुमच्या घरी."

आमची पोट्टी म्हणजे मी.

लोक आजही मला म्हणतात, तुमच्या आत्या काळाच्या पुढे होत्या. आत्या काळाच्या कुठेही नव्हती. ती एका वाटीसाठी चिडलेली होती. पोरीनंच का लिहावं, तर पुरुषमाणसं लिहून देऊन मुकरतात हे तिनं पाहिलं होतं, आणि ज्या पोरीचं लग्न ठरायचंय ती शपथेला भिते, एवढंच तिचं गणित.

पण परिणाम बघा. ज्या गावात मास्तर दारोदार हिंडून पोरी मागायचे आणि लोक अंगावर कुत्रं सोडायचे, तिथं पोरी आपणहून शाळेत येऊन बसल्या. पानदानापुरत्या. चिठ्ठी ठरलेली होती: "आत्याबाईचे पानदान नेले. झाकण एक. वाट्या आठ. जसे नेले तसे आणून देईन." तेवढं आलं की पोरगी शाळेतून काढायचे. एकदा शाळातपासनीस आले आणि पोरींना म्हणाले, पाटीवर मनानं काहीही लिहा. सगळ्या पोरींनी पानदान लिहिलं. साहेब मास्तरांना म्हणाले, "हा कोणत्या पुस्तकातला धडा आहे?"

माझा मात्र फायदा झाला. चिठ्ठ्या वाचायला मी लागायची, म्हणून आत्या बाबांना म्हणायची, "हिले आताच कहाले काढतं? मंग वाचन कोन?" असं करत चौथीची सातवी झाली. सातवीनंतर मी आदिलाबादला गेले, मायच्या लांबच्या बहिणीकडे. तिची भांडी घासायची, पाणी भरायचं, आणि हायस्कुलात मराठीच्या वर्गात बसायचं. सुटीत गावी आले की साठलेल्या चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या.

मी आदिलाबादला असतानाच राज्यांची वाटणी झाली. नदीपलीकडचे वऱ्हाडवाले मुंबई राज्यात गेले. त्यांतल्या कोणी मुंबई पाहिली नव्हती. आम्ही आंध्र प्रदेशात गेलो. आंध्र कुठल्या दिशेला आहे यावर पारावर दोन दिवस वाद चालला. नदीपलीकडचे सोयरे आम्हाला आधी मोगलाईचे म्हणत, मग हैदराबादवाले म्हणू लागले, आता आंध्रवाले. आम्ही जागचे हललो नव्हतो. गावच्या शाळेत तेलुगू आली, आणि एका पोरीनं चिठ्ठीच तेलुगूत लिहिली. आत्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अक्षरं गोल गोल, चांगले दिसतेत." तिला सगळ्या लिप्या सारख्याच परक्या. आदिलाबादला मी तेवढी तेलुगू शिकले होते. वाचलं, वाट्या आठच होत्या. चिठ्ठी पास झाली.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते. परीक्षेला दीड महिना उरला होता, आणि बाबांचा निरोप आला, दोन दिवसांसाठी ये. येऊन बघते तो घर सारवलेलं, माय नव्या काकणांत, आणि बाबा मला टाळतायत. नदीपलीकडून स्थळ आलं होतं. उद्याच पाव्हणे येणार. पोरगा शेती बघतो, घरी दोन बैलजोड्या. पसंती झाली तर लगेच लग्न. परीक्षेचं विचारलं तर माय म्हणाली, "परीक्षा काय पळून जाते काय? स्थळ पळून जाते."

मला कळलं की इथं संपलं. दहा वर्षं मी जे सांगत आले होते ते उद्या दुपारी पानसुपारीबरोबर संपणार. मी रडले नाही. रडून आमच्या घरात कोणाचंच काही झालेलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा आत्याला म्हणाले, "बाई, पानदान काढून ठेव. सकाळी पुसून घेऊ."

आत्या सुपारी फोडत होती. वर न बघता म्हणाली, "चिठ्ठी?"

"घरातल्या घरात काय चिठ्ठी?"

"तुया मामेभावाची पोट्टी लिवून गेली. त्याले सोडलं नाई, तुले काऊन सोडू?"

बाबा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. आत्यानं पानदान उचललं, मांडीवर घेतलं आणि वर पदर टाकला. आता ते घरात, बाबांपासून पाच हातांवर, आणि तरी नदीपलीकडं असल्यासारखं. तेवढ्यात शेजारीण विस्तव मागायला आली, तिनं हा प्रकार पाहिला, आणि विस्तव न घेताच गेली. घटकाभरात अर्धी गल्ली आमच्या अंगणात. यातल्या प्रत्येकाला या नियमानं कधी ना कधी उन्हात बसवलं होतं. आज घरच्याला कसा न्याय मिळतो ते बघायला सगळे टपलेले.

"आज नियम मोडते का बाई?" कोणीतरी मागून विचारलं.

"कोनाच्या बापासाठी नाई," आत्या म्हणाली. तो बाप तिचा सख्खा भाऊ होता.

बाबा कंटाळले. "बरं वो माय, दे लिवून," ते मला म्हणाले. "तुले तर येते. एक मिनिटाचं काम."

मला खरंच येत होतं. त्या घरात, त्या गल्लीत, ती चिठ्ठी माझ्याइतकी चांगली कोणालाच येत नव्हती.

"मी नाई लिवत," मी म्हटलं.

"काय?"

"परीक्षा झाल्याबिगर मी नाई लिवत. मंग पानदानाची म्हना का वावराची म्हना, लिवून देईन."

बाबांचा हात वर गेला, पण एवढ्या लोकांत लिहितावाचता येणाऱ्या पोरीला मारावं तर कशासाठी, लिहिलं नाही म्हणून? हात खाली आला. ते आत्याकडे वळले, "बाई, हे पोट्टी ऐकून नाई राह्यली, तू तरी..."

"मी काय करू? तिनं लिवलं नाई, मी देल्लं नाई," आत्या म्हणाली. तिनं माझी बाजू घेतली असं वाचणाऱ्यानं समजू नये. माझ्या परीक्षेचं तिला काही नव्हतं. घरच्यासाठी नियम मोडला तर उद्या गाव तिला विचारणार नाही, याची तिला भीती होती.

दुसऱ्या दिवशी पाव्हणे आले. ताटलीतून पानसुपारी फिरली. पोराच्या आईनं ताटली पाहिली, कोनाडा पाहिला, पुन्हा ताटली पाहिली.

"ते पानदान नाई निघालं, बाई?" ती आत्याला म्हणाली. "आमच्या शेजारची सून पाहाले आलतो तवा निघालं व्हतं."

"चिठ्ठी नाई झाली," आत्या म्हणाली. आत्या खोटं बोलत नसे. तिचा तो एक दोष होता.

पाव्हण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पोराचा काका म्हणाला, "पोरगी शाळेत जाते म्हनत व्हते ना?"

"जाते."

"मॅट्रिकात?"

"मॅट्रिकात."

"आन तरी चिठ्ठी नाई झाली?"

"नाई झाली."

काकानं सुपारी तोंडात टाकली, बराच वेळ चावली. मग जिव्हाळ्यानं म्हणाला, "जाऊ द्या. आंध्रात गेले तवापासून इकडच्या शाळाबी तशाच झाल्या असतीन."

ते गेले आणि निरोप आला नाही. पण बातमी आली. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर बोलबाला झाला की फलाण्याच्या पोरीला मॅट्रिकात बसूनसुद्धा चिठ्ठी लिहिता येत नाही. चार ओळींची चिठ्ठी, जी बकऱ्या राखणाऱ्या पोरी लिहितात! बाजारात कापूसवाला, न्हावी, जो तो बाबांना विचारू लागला, "पोरगी अडानी हाय म्हने?" वर सल्ला, "आमच्या पोरीपासी पाठवा, शिकवन ते."

बाबांची कोंडी बघण्यासारखी होती. खरं सांगावं, की पोरगी लिहिते पण बापाचं ऐकत नाही, तर ते अडाणी असण्यापेक्षा वाईट. न सांगावं तर पोरगी अडाणी. मी आदिलाबादला परत गेले, महिनाभर त्यांचा निरोप नाही. परीक्षेच्या आठवडाभर आधी आदिलाबादला मावशीच्या दारात येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "पास हो. नाई तर बाजारात जानं सोडावं लागन मले."

मी पास झाले. नंबर पेपरात आला. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी नंबराखाली रेघ मारून दिली, आणि ते पेपर घडी घालून बाजारभर हिंडले. न्हाव्यानं पाहिला, म्हणाला, "नंबर तर हाय. पन नंबर कोनाचाबी असू शकते."

बाबा त्या दिवशी भाजी न घेताच घरी आले. मायला म्हणाले, "इले कॉलेजात घालतो. पाहू आता कोनाचा नंबर म्हनते तो."

माय म्हणाली, "आन लगन?"

"अडानी पोरीसंग कोन लगन करते?" बाबा म्हणाले.

माझ्या सत्काराच्या सभांत वक्ते सांगतात की अशा दुर्गम भागात, त्या काळात, एका शेतकरी बापानं स्त्रीशिक्षणाचं महत्त्व ओळखलं. मी मान खाली घालून ऐकते. बापानं महत्त्व ओळखलं ते एका न्हाव्याचं. मीही काही थोर नव्हते. मी एक ओळ लिहिली नाही, एवढाच माझा पराक्रम, आणि लिहिण्यानं नाही तर न लिहिण्यानं शिकलेली मुलगी म्हणून मी स्वतःला मोजते. याचा मला अभिमान आहे. लपवत नाही.

नांदेडला कॉलेजात घातलं. बाबांनी ते कसं निभावलं ते सांगत बसत नाही. सोपं नव्हतं एवढं पुरे. वसतिगृहात मुली मला विचारायच्या, तू आंध्राची, मग मराठी कशी बोलतेस? मी म्हणायची, तोंडानं. निघताना आत्यानं आशीर्वाद दिला नाही. "जातं तर जाय," ती म्हणाली, "पन आता वाचन कोन?" माझ्या धाकट्या चुलतबहिणीला तिनं त्याच दिवशी शाळेत नेऊन बसवलं. चिठ्ठ्या वाचायला.

चार वर्षांनी मी दुसऱ्या वर्गात बी.ए. झाले. आमच्या घराण्यात, आणि आमच्या गावात पुरुष धरूनसुद्धा, बी.ए. झालेली मी पहिली.